ऐकताना मन कोरडं राहू लागलं तर: समाजकार्यातल्या बर्नआउटचं काय करायचं

समोरची बाई रडत रडत सांगत होती. नवरा पगार हिसकावून घेतो, मागितला तर मारतो. आणि मी मनातल्या मनात फॉर्मचा रकाना शोधत होते: 'शारीरिक' की 'आर्थिक'? दोन्हींवर खूण चालते का? ती थांबली तेव्हा मी मान डोलावून "हं, पुढे?" म्हणाले. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले आणि पुढचं सांगितलंच नाही.

त्या दिवशी मी दमलेली नव्हते. झोप झाली होती, डोकं दुखत नव्हतं. म्हणूनच काहीतरी बिनसलंय हे लक्षात यायला आणखी चार महिने गेले. थकवा आला की आपण सावध होतो. मन बधिर झालं तर मात्र वाटतं, आता आपण अनुभवी झालो.

आपल्या क्षेत्रात या बधिरपणाकडे चटकन स्वभावदोष म्हणून बघितलं जातं. 'पूर्वीची तळमळ राहिली नाही' असं लोक म्हणतात आणि आपणही स्वतःला तेच ऐकवतो. वास्तविक बर्नआउट, म्हणजे कामाने आतून विझून जाणं, ही संकल्पना तळमळीच्या माणसांना बघूनच सुचली. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत होते. तिथले सगळ्यात झोकून देणारे स्वयंसेवक वर्षभरात विझल्यासारखे होतात, हे त्यांनी पाहिलं आणि स्वतः अनुभवलंही. त्यावर त्यांनी १९७४ मध्ये लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून लागू झाली, बर्नआउटची नोंद आहे ती आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्यामुळे ती येते, अशी त्यांची व्याख्या. 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावर उभ्या आहेत.

पायरी १: नेमकं काय झालंय ते आधी ठरवा

'बर्नआउट झालाय' असं आपण चार वेगळ्या गोष्टींना म्हणतो आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत.

खरा बर्नआउट हळूहळू मुरतो. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची २२ विधानांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत: भावनिक दमछाक, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा आणि 'माझ्या हातून काहीच होत नाही' ही भावना. आपल्याकडे त्यातला दुसरा भाग भाषेत आधी दिसतो. माणसाचं नाव जाऊन 'ती दारूची केस', 'तो कोर्टवाला' असं बोलणं सुरू होतं. सगळ्यांसमोर केलेला विनोद हसू येण्यासाठी असतो की अंतर ठेवण्यासाठी, हे ज्याचं त्यालाच कळतं.

दुसरा प्रकार दुय्यम आघाताचा. दुसऱ्यावर गुदरलेलं ऐकून स्वतःलाच ती दृश्यं दिसू लागणं, रात्री दचकून जाग येणं, विशिष्ट गल्ली टाळणं. चार्ल्स फिगली यांनी १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं. हा प्रकार एका केसनंतर, अगदी एका दुपारीही सुरू होऊ शकतो. कामाचा भाग म्हणून भयंकर घटनांचे तपशील वारंवार ऐकावे लागणं यालाही अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदान-पुस्तिकेने आघाताच्या निकषात जागा दिली आहे. तेव्हा 'माझ्यावर थोडंच काही घडलंय' म्हणून गप्प बसायचं कारण नाही.

तिसरी नैतिक कोंडी. योग्य काय ते तुम्हाला कळतंय, पण नियम, निधी किंवा वरचा आदेश ते करू देत नाही. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये परिचारिकांच्या संदर्भात याला नाव दिलं, पण वर्णन आपलंच वाटतं. मूल परत त्याच घरात पाठवण्याच्या कागदावर सही करताना हात जड होतो, तो थकल्यामुळे नव्हे.

चौथं म्हणजे नैराश्य. बर्नआउटची धग साधारणपणे कामापुरती असते. नैराश्य सुट्टीतही सोबत येतं, आवडीच्या गोष्टींतूनही चव काढून घेतं. दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे घरबसल्या निकाल लावू नका. जगणं नको वाटण्याचे विचार येत असतील तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टरांना किंवा जवळच्या माणसाला सांगा. आणि हो, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. साधा रक्तक्षय महिनोन्‌महिने बर्नआउट म्हणून मिरवू शकतो.

मी स्वतःला आणि सहकाऱ्यांना एक प्रश्न विचारते: उद्यापासून केसेस निम्म्या झाल्या तर बरं वाटेल का? 'हो, सुटलेच' असं आतून आलं तर बर्नआउटकडे बघा. 'निम्म्या नकोत, ती एकच केस डोक्यातून जाऊ दे' असं आलं तर दुय्यम आघात. 'निम्म्या करून काय होणार, निर्णय तोच घ्यावा लागणार' असं आलं तर नैतिक कोंडी. आणि 'कशानेच काही फरक पडणार नाही' हे उत्तर आलं तर डॉक्टर. ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे. बोलायला सुरुवात कुठून करायची एवढं तिच्यातून कळतं.

मोजपट्टी हवी असेल तर 'प्रोक्यूओएल' ही ३० विधानांची प्रश्नावली मोफत वापरता येते. गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते, आणि बर्नआउट व दुय्यम आघात यांच्यासोबत कामातून मिळणारं समाधानही मोजते. ते तिसरं मला महत्त्वाचं वाटतं, कारण समाधान टिकून आहे आणि तरी माणूस दमलाय अशी परिस्थिती कितीतरी जणांची असते. एक सावधगिरी: भरलेला कागद कोणाकडे जाणार हे विचारल्याशिवाय ऑफिसात भरू नका.

पायरी २: दोन आठवडे नोंद ठेवा

डायरी लिहायची नाही, रोज चार-पाच ओळी पुरेत: वेळ, काय केलं, त्यानंतर कसं वाटलं. माझ्या जुन्या वहीतली एक ओळ अशी आहे: 'मंगळवार, ११.२०. होम व्हिजिट. दार उघडलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.'

त्या 'सुटल्यासारखं'वर मी बराच वेळ अडून बसले. त्या कुटुंबाचा मला राग नव्हता, कंटाळाही नव्हता. दार उघडलं असतं तर त्यांना पुन्हा एकदा सांगावं लागलं असतं की अर्ज अजून मंजूर नाही, आणि का नाही ते मलाही माहीत नाही. दमवत होतं ते घर नव्हतं, रिकाम्या हाताने तिथे जाणं होतं.

नोंदीतून असंच काहीतरी निघतं. बहुतेकांना वाटतं, दुःख ऐकून आपण पिचलो. वही उघडली की दिसतं, दुःख ऐकल्यावर बऱ्याचदा ठीक वाटलेलं असतं, आणि जीव जातो तो तीच माहिती तीन रजिस्टरांत लिहिण्यात, उत्तर न येणाऱ्या फोनांत, दुपारी चारला येणाऱ्या 'आजच पाठवा' या मेसेजात. उलटंही निघू शकतं. म्हणूनच आधी वही, मग निष्कर्ष. नोंदीत कोणाचंही नाव, पत्ता लिहू नका. वही बसमध्ये राहते, घरात कोणाच्याही हाती लागते.

पायरी ३: गळती कुठे आहे ते शोधा

मॅस्लाक आणि मायकल लायटर यांनी १९९७ मध्ये कामाची सहा अंगं मांडली: कामाचा भार, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक आणि मूल्यं. माणूस आणि काम यांची यातल्या जितक्या ठिकाणी फारकत होते, तितका बर्नआउटचा धोका वाढतो. तुमच्या नोंदीतल्या प्रत्येक 'नकोसं वाटलं'समोर या सहांपैकी एक शब्द लिहा. पानभर झाल्यावर एक-दोन शब्द पुन्हा पुन्हा दिसतील.

भार सगळ्यांनाच दिसतो. ताबा मात्र नजरेतून सुटतो. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्येच दाखवलं होतं की अपेक्षा भरपूर आणि निर्णयाचं स्वातंत्र्य तुटपुंजं, असं काम माणसाला सर्वाधिक ताण देतं. समाजकार्याची अनेक पदं नेमकी याच साच्यातली. जबाबदारी अख्ख्या कुटुंबाची आणि अधिकार एका शिफारसपत्राचा. मोबदला म्हणजे फक्त पगार नव्हे. चुकलं की बोलावणं येतं आणि निभावलं की कोणी काही म्हणत नाही, हीही मोबदल्याचीच गळती. न्याय्य वागणुकीचं बघायचं तर अवघड केस नेहमी एकाच माणसाकडे जाते का ते पाहा. 'तुला जमतं' या कौतुकाखाली ती बहुधा सगळ्यात कमी भांडणाऱ्या माणसाच्या टेबलावर जाते.

पायरी ४: केसेस मोजू नका, तोला

'माझ्याकडे ३० केसेस आहेत' या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. शांत चाललेला फॉलो-अप आणि हिंसेची ताजी तक्रार या दोन्ही एकेकच धरल्या जातात.

प्रत्येक केसला १ ते ४ वजन द्या. महिन्यातून एखादा फोन पुरेल तिथे १. नियमित भेटी, बऱ्यापैकी स्थिर, तिथे २. कोर्ट, पोलीस, हॉस्पिटल असं दोन-तीन ठिकाणी एकदम काम करायचं असेल तर ३. कधीही काहीही होऊ शकतं, रात्री फोन येतो, तिथे ४. प्रवास लांबचा असेल तर अर्धा वाढवा.

समजा ३० केसेसमध्ये दहा पहिल्या वजनाच्या, दहा दुसऱ्या, चार तिसऱ्या आणि सहा चौथ्या. बेरीज होते ६६. शेजारच्या टेबलावरही ३० च आहेत, पण वीस पहिल्या आणि दहा दुसऱ्या वजनाच्या. बेरीज ४०. हजेरीपटावर दोघी सारख्या. हा आकडा तुमच्या संस्थेबाहेर कुठे लावता येणार नाही, पण आत बोलायला पुरतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वजनं पुन्हा द्या, कारण केस शांत झाली तरी आपल्या डोक्यात ती चारवरच राहते.

पायरी ५: वरिष्ठांशी बोला, पण तयारीने

आल्फ्रेड कॅडुशिन यांनी समाजकार्यातल्या सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली: प्रशासन, शिक्षण आणि आधार. प्रत्यक्षात पहिलंच उरतं. 'रिपोर्ट कुठवर आला?' याला सुपरव्हिजन म्हणायची सवय लागते.

म्हणून वेगळी वेळ मागा, जाता-येता बोलू नका. 'मॅडम, मला अर्धा तास हवाय, माझ्या केसेसच्या भाराबद्दल बोलायचंय' एवढं पुरे. आत गेल्यावर 'मला झेपत नाहीये' या वाक्याने सुरुवात केलीत तर पुढची चर्चा तुमच्या तब्येतीवर होईल, आपुलकीने होईल, आणि 'दोन दिवस आराम कर'वर संपेल. त्याऐवजी कागद पुढे ठेवा. 'सहा केसेस चौथ्या वजनाच्या आहेत. त्यांना आठवड्यातून दोनदा भेटायचं तर बाकीच्यांच्या भेटी महिन्यातून एक होतात. दोन मला दुसऱ्या कोणाकडे द्यायच्या आहेत, आणि तिमाही फॉर्म व मासिक रजिस्टर यातलं एक बंद करता आलं तर बघूया. नाहीतर कोणत्या भेटी कमी करू ते तुम्ही सांगा.' शेवटचं वाक्य उद्धट नाही. निवड कुणीतरी करणारच आहे. ती आजवर तुम्ही एकट्याने, रात्री, अपराधी वाटत करत होतात.

जे ठरलं ते त्याच दिवशी चार ओळींत मेल करा: 'आज बोलल्याप्रमाणे...' यात अविश्वास नाही, पुढच्या महिन्यात दोघांनाही आठवावं म्हणून.

'सगळ्यांचंच असं आहे' हे उत्तर आलं तर? मला आलं होतं, एका संस्थेत, चहाचा कप खाली न ठेवता. तेव्हा मी गप्प बसले आणि ती चूक झाली. कारण सगळ्यांचंच असेल तर तो माझा प्रश्न उरत नाही, टीमचा होतो. पुढच्या वेळी आम्ही तिघी आपापली वजनं घेऊन एकत्र गेलो. सगळं मिळालं नाही. दोन रजिस्टरं मात्र बंद झाली.

पायरी ६: दिवस मुद्दाम बंद करा

कामातून सावरण्याबद्दल सबिन झोनेनटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार अनुभव वेगळे काढले: कामापासून मनाने सुटणं, सैलावणं, काहीतरी नवीन शिकणं आणि फावल्या वेळावर स्वतःचा ताबा असणं. फोनवर दोन तास बोट फिरवण्यात यातलं जवळपास काहीच होत नाही, म्हणून त्यानंतर आराम झाल्यासारखं वाटत नाही. शिवणकाम, पोहणं, कोडं, सायकल दुरुस्ती, काहीही चालेल. निकालाची जबाबदारी नसलेलं आणि हाताला गुंतवणारं हवं.

मनाने सुटणं आपल्याला सर्वात अवघड, कारण 'ती आज रात्री सुरक्षित असेल का' हा प्रश्न खोटा नाही. त्याला विसरायचा प्रयत्न व्यर्थ आहे, उत्तर लिहून ठेवायचं. शेवटची दहा मिनिटं राखा आणि तीन गोष्टी लिहा: काय अर्धवट राहिलं, आज रात्री काही झालं तर कोण बघणार, उद्या सकाळी पहिलं काम कोणतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी 'मीच' असेल तर दोष तुमच्या मनाच्या कमकुवतपणाचा नाही, संस्थेत रात्रीच्या फोनची पाळीच लावलेली नाही. पाळी लावून घ्या, हेल्पलाइनचा नंबर पहिल्याच भेटीत द्या, आणि कामाचं सिमकार्ड वेगळं ठेवा.

पायरी ७: ऐकलेलं वाटून टाकताना

वाईट केस झाली की आपण शेजारच्या टेबलाकडे वळून सगळं ओकून टाकतो. आपल्याला हलकं वाटतं आणि ती, जी नुकतीच स्वतःच्या केसवरून परत आलीय, तिला ते दृश्य फुकटात मिळतं. कॅनडातल्या फ्रान्स्वाज मॅथ्यू यांनी यावर साधी रीत सांगितली आहे: आपण किती तपशील सांगतोय याचं भान, आधी सूचना, मग परवानगी, आणि मोजकंच सांगणं. 'आजची भेट जड गेली, दहा मिनिटं आहेत का? जखमांचं काही सांगणार नाही.' बस. नव्वद टक्के वेळा जखमांचं वर्णन करायची आपल्यालाही गरज नसते, आपल्याला सांगायचं असतं की आपण घाबरलो होतो.

ऐकतानाही एक बदल करून बघा. तानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांच्या प्रयोगांत, दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं अनुभवायचा सराव केलेल्यांना जास्त त्रास झाला, आणि पुढे त्याच लोकांनी करुणेचा, म्हणजे समोरच्याचं भलं इच्छिण्याचा सराव केल्यावर तो त्रास उतरला. प्रत्यक्ष कामात याचा अर्थ असा की 'हिच्या जागी मी असते तर' हा विचार सोडून 'हिला आत्ता काय लागेल' इकडे वळायचं. मात्र दृश्यं महिनाभर पाठ सोडत नसतील तर ही युक्ती पुरणार नाही. आघातावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा.

पायरी ८: रजा

घ्या, पण आधी केसेस कोणाच्या नावावर जाणार ते लेखी ठरवून. मी एकदा तसं न करता आठ दिवस गेले आणि परत आले तेव्हा कामं जिथल्या तिथे, वर आठ दिवसांची शिळी. ती रजा नव्हती, उधारी होती. परत आल्यावर पहिले दोन दिवस नवीन केस घेऊ नका. आणि रजेने बरं वाटून तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच सुरू झालं, तर रजा वाया गेली असं समजू नका, पायरी ३ कडे परत जा.

तुम्हीच प्रमुख असाल तर

कृपा करून ध्यानाची कार्यशाळा सगळ्यात शेवटी ठेवा. मला ध्यानाचं वावडं नाही. पण रिक्त पदं भरलेली नाहीत, फॉर्म तिप्पट झालेत आणि शनिवारी श्वास घ्यायला शिकवायला माणसं बोलावली, तर टीमला संदेश मिळतो की दोष तुमच्या श्वासात आहे. आधी केसेसची वजनं घ्या, रात्रीच्या पाळ्या लावा, मृत्यू किंवा हल्ल्यासारख्या घटनेनंतर त्या माणसाला त्याच दिवशी रिपोर्ट मागू नका. आणि स्वतः रात्री अकराला मेल पाठवणं थांबवा. 'सावकाश बघा' असं लिहिलं तरी कोणी सावकाश बघत नाही.

सोडायची वेळ आली असेल तर

तीन-चार महिने हे सगळं करूनही नोंदवही तेच सांगत असेल, आणि गळती मूल्यांची असेल, म्हणजे संस्था जे करवून घेते ते तुम्हाला पटतच नसेल, तर जागा बदलणं हाही उपायच आहे. क्षेत्र सोडायलाच हवं असं नाही. थेट केसेसमधून प्रशिक्षणात, संशोधनात किंवा धोरणाच्या कामात गेलेली आणि काही वर्षांनी ताजी होऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत. दमलेल्या अवस्थेत राजीनामा लिहू नका, शक्य असेल तर रजेच्या पाचव्या-सहाव्या दिवशी लिहा.

आणि निघताना लोकांना आधी सांगा. आपण ज्यांच्याबरोबर काम करतो त्यांना माणसं न सांगता निघून जाण्याचा अनुभव पुष्कळ असतो. साधारण महिनाभर आधी तारीख सांगा, नवीन कार्यकर्तीला घेऊन एक भेट एकत्र करा, तिच्यासमोर फाइलमध्ये काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवा आणि चुकलेलं दुरुस्त करू द्या. मी तसं केलं तेव्हा एका आजींनी त्यांच्या नातवाचं वय दोन ठिकाणी सुधारलं, मग माझा हात सोडून नव्या मुलीला विचारलं, "तू कोणत्या वारी येणार?"